जाळ्यातले जीव, उजेडातले जीव : अरबी समुद्राच्या रात्रीचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. भर समुद्रात, रात्री, पाण्यात उतरून नखाएवढ्या जीवांचे फोटो काढायचे, याचा इतिहास नांदेड-लातूरच्या माणसांनी कशाला ऐकायचा? प्रश्न रास्त आहे. लातूरहून अरबी समुद्र सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरवर, नांदेडहून साडेचारशेच्याही पुढे. आपल्या मांजरेचं आणि गोदावरीचं पाणी तर उलट्या बाजूला, बंगालच्या उपसागराकडे जातं. पश्चिमेच्या समुद्राशी आपलं नातं म्हटलं तर आकाशातून येणाऱ्या पावसापुरतं.

पण आपल्या आठवडी बाजारात सुकट मिळते. मिठाच्या वासाची, गुलाबीसर, डोळ्यांचे काळे ठिपके दिसणारी सुकट. कांदा-लसूण टाकून परतली की गल्लीभर वास जातो. ही सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. पालघर, मुंबई, रायगडच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या ओढीत डोल जाळं लावतात आणि त्यात हा जवळा येतो. कोळंबीचा दूरचा नातेवाईक, पण स्वतःच्या बळावर प्रवाहाशी झुंजेल एवढी ताकद त्याच्यात नाही. पाणी नेईल तिकडे जाणारा जीव. अशा जीवांना शास्त्रात प्लवक म्हणतात. संस्कृतात प्लव म्हणजे तरंगणं. युरोपात व्हिक्टर हेन्सेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७ मध्ये ‘प्लँक्टन’ हा शब्द रूढ केला, त्याचाही मूळ ग्रीक अर्थ भटकणारा असाच. तेव्हा प्लवक आपल्याला अनोळखी नाहीत. आपण ते खातो. फक्त ते जिवंत कसे दिसतात, हे पाहिलेलं नाही.

आणि खरं सांगायचं तर जगानेसुद्धा ते फार उशिरा पाहिलं. आजची सगळी गोष्ट त्या उशिराची आहे.

सुरुवात एका कापडापासून करू. जॉन व्हॉन थॉम्पसन नावाचे ब्रिटिश फौजेतले एक डॉक्टर आयर्लंडमधल्या कॉर्क इथे नेमणुकीला होते. १८२८ च्या सुमारास त्यांनी मलमलीसारख्या विणीची पिशवी एका कड्याला बांधून पाण्यातून ओढली. पिशवीत जे गोळा झालं ते भिंगाखाली धरलं. त्यात काटेरी टोपी घातल्यासारखा एक विचित्र जीव होता. त्याला ‘झोइया’ असं नाव आधीच मिळालं होतं आणि तो एक स्वतंत्र प्राणी आहे असं पुस्तकांत लिहिलेलं होतं. थॉम्पसननी तो पाळून पाहिला, आणि लक्षात आलं की हे तर खेकड्याचं पोर! त्या काळातल्या मोठ्या मंडळींनी बराच काळ ते मानलं नाही. पुढे जानेवारी १८३२ मध्ये तरुण चार्ल्स डार्विनने ‘बीगल’ जहाजावरून अशीच पिशवी ओढली आणि किनाऱ्यापासून इतक्या दूर एवढं सौंदर्य कुणाच्या उपयोगासाठी, असा अचंबा आपल्या नोंदवहीत केला.

ही गफलत एकदाच झाली असती तर सोडून दिलं असतं. पण ती वारंवार झाली. काचेच्या पट्टीसारखा पारदर्शक, चपटा मासा सापडला, त्याला ‘लेप्टोसेफॅलस’ नाव देऊन वेगळा मासा ठरवलं. १८९६ मध्ये ग्रासी आणि कालान्द्रुच्चो या दोघा इटालियन शास्त्रज्ञांनी दाखवलं की ते ईल माशाचं पिल्लू आहे. पानासारखा सपाट, लांब पायांचा, आरपार दिसणारा आणखी एक जीव. त्याचं नाव ‘फिलोसोमा’, म्हणजे पानासारख्या अंगाचा. तो निघाला शेवंडीचा बालक. शेवंड म्हणजे कोकणातल्या हॉटेलांत ज्याचे पैसे ऐकून आपण मेनू खाली ठेवतो ती. तिचं पिल्लू कित्येक महिने उघड्या समुद्रात काचेच्या पानासारखं तरंगत असतं, आणि मोठ्या शेवंडीशी त्याचं तोंडावरून काडीचंही साम्य नाही. आई आणि मूल एकत्र कुणी पाहिलेच नव्हते, म्हणून एकाच प्राण्याला दोन नावं, दोन घरं मिळाली.

आता हे कापडाचं प्रकरण आपल्या दारात आणू. समोर पन्नाशीच्या पुढची मंडळी बसली आहेत, त्यांना नारू आठवत असेल. पायातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा आणि तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली की तुटायचा, पाय सुजायचा, पेरणीच्या दिवसांत माणूस खाटेवर. हा जंत माणसात यायचा कुठून? पायऱ्यांच्या विहिरीतून, बारवेतून. पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या, टाचणीच्या टोकाएवढ्या जीवाच्या पोटात नारूची अळी असायची. अलेक्सेई फेडचेन्को या रशियन संशोधकाने १८७० मध्ये मध्य आशियात काम करताना हे शोधलं. सायक्लॉप्स हासुद्धा प्लवकच, गोड्या पाण्यातला. त्याचे भाऊबंद समुद्रात इतके आहेत की जाळ्यात येणाऱ्या जीवांत बहुतेक वेळा त्यांचीच गर्दी असते.

सरकारी मोहिमेत गावोगाव काय सांगितलं? पाणी दुहेरी कापडातून गाळून प्या. विहिरींच्या पायऱ्या बंद झाल्या, हातपंप आले, पाण्यात औषध टाकलं गेलं आणि घराघरांत घागरीच्या तोंडावर कापड आलं. महाराष्ट्र नारूग्रस्त राज्यांपैकी एक होता. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला. आम्हाला यात गंमत वाटते ती ही : कॉर्कच्या खाडीत थॉम्पसननी जे कापड वापरलं, तेच काम आपल्या आज्या घागरीवर करत होत्या. एकाला कापडात अडकलेलं हवं होतं, दुसरीला कापडातून उतरलेलं. प्लवकांच्या शास्त्राचं मुख्य हत्यार मराठवाड्याच्या प्रत्येक स्वयंपाकघरात होतं, फक्त अडकलेला गाळ आपण फेकून दिला. तो फेकणंच शहाणपणाचं होतं, हेही खरं.

आता आपल्या समुद्राकडे येऊ. १८८१ साली मुंबईच्या गोदीत ‘इन्व्हेस्टिगेटर’ नावाचं वाफेवर चालणारं जहाज बांधलं गेलं. काम सर्वेक्षणाचं : बंदरांचे नकाशे, खोली मोजणं. पण त्यावर एक डॉक्टर असायचा आणि त्यानेच जीवशास्त्रज्ञाचंही काम करायचं, अशी सोय होती. अल्फ्रेड अल्कॉक हे या पदावर होते. १९०२ मध्ये त्यांनी भारतीय समुद्रांतल्या या दिवसांवर पुस्तक लिहिलं. त्याच पदावर पुढे सीमोर सेवेल आले. समुद्रातल्या सायक्लॉप्सच्या भाऊबंदांचे, म्हणजे कोपेपॉडचे, ते जाणकार. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे ते संचालक झाले आणि निवृत्तीच्या सुमारास एका मोठ्या मोहिमेचे प्रमुख. १९३३-३४ ची ‘जॉन मरे मोहीम’. जहाज इजिप्तचं, नाव ‘मबाहिस’, खलाशी इजिप्शियन, शास्त्रज्ञ ब्रिटिश आणि इजिप्शियन, समुद्र आपला. या मंडळींनी अरबी समुद्राचा तळ खरवडला तेव्हा काही ठिकाणी जाळं जवळजवळ रिकामं वर आलं. मधल्या खोलीच्या पाण्यात प्राणवायू अगदी नगण्य होता. साधारण दीडशे-दोनशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत पसरलेला हा गुदमरलेला थर जगातल्या सर्वांत जाड अशा थरांपैकी एक आहे, हे आज आपल्याला माहीत आहे. हा थर लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

स्वातंत्र्यानंतरची मोठी घटना म्हणजे आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहीम. १९५९ ते १९६५ या काळात अनेक देशांची जहाजं हिंद महासागरात फिरली. भारताकडून नौदलाचं ‘किस्तना’ होतं. तोवर प्रत्येक देशाचं जाळं वेगळं, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नसे. म्हणून सगळ्यांसाठी एकच ‘हिंद महासागर प्रमाण जाळं’ ठरलं. तोंड एक चौरस मीटरचं, दोनशे मीटर खोलीवरून सरळ वर ओढायचं. आलेले नमुने फॉर्मॅलिनच्या बाटल्यांत बंद करून कोचीला, त्यासाठीच स्थापन केलेल्या जीवशास्त्र केंद्रात पाठवायचे. तिथे आपल्या देशातल्या तरुण संशोधकांनी बाटलीमागून बाटली उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव वेगळा करून मोजला. या मोहिमेच्या भारतीय बाजूचे धुरीण डॉ. एन. के. पणिक्कर. मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली आणि तिचं मुख्यालय गोव्यात दोना पावलाला आलं.

हे काम किती कष्टाचं होतं, याची कल्पना आज मोबाइलवर बोट फिरवताना येत नाही. कुठल्या महिन्यात, कुठल्या भागात, किती प्लवक, याचे पहिले नकाशे या बाटल्यांतून तयार झाले. त्यांना नावं ठेवण्याचा आमचा अजिबात हेतू नाही.

पण बाटलीत काय होतं ते बघा. जाळं ओढलं जातं तेव्हा आतल्या जीवांवर पाण्याचा दाब येतो, ते एकमेकांवर आदळतात. कोपेपॉडला कवच असतं, तो टिकतो. जवळा टिकतो. पण समुद्रातले निम्मेअधिक देखणे जीव जेलीसारखे असतात. कंगव्यासारख्या पापण्यांवर पोहणारे कोंब-जेली, मीटरच्या मीटर लांब माळेसारखे सायफोनोफोर, स्वतःभोवती शेंबडासारख्या पदार्थाचं नाजूक घर विणून त्यात राहणारे लार्व्हेशियन. हे जाळ्यात येईपर्यंत लगदा होतात. उरलंच काही तर फॉर्मॅलिनमध्ये रंग जातो, पारदर्शकपणा जातो, काहींचा तर आकारही उरत नाही. माशांच्या पिल्लांना जिवंतपणी अंगाच्या दुप्पट-तिप्पट लांब, झालरीसारखे पर असतात. जाळ्यात ते तुटून जातात. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ समुद्राची शिरगणती झाली ती कठीण कवचाच्या जीवांची. मऊ अंगाचे जीव यादीतून गळले. गावात जनगणना करायची आणि दार ठोठावल्यावर जो बाहेर येईल तोच मोजायचा, तसं काहीसं.

आता रात्रीचा मुद्दा. फोटो रात्रीच का? दिवसा उजेड असतो, सोपं नाही का? कारण दिवसा हे जीव वर नसतातच. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या सुमारास, अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ पाणबुड्या शोधण्यासाठी आवाजाच्या लहरी पाण्यात सोडत होते. तीन-चारशे मीटरवर तळ असल्यासारखा प्रतिध्वनी यायचा, पण नकाशात तिथे तळ नव्हता. गंमत म्हणजे हा खोटा तळ संध्याकाळी वर सरकायचा आणि पहाटे खाली जायचा. मार्टिन जॉन्सन या जीवशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये पडताळून पाहिलं : तो तळ नव्हे, जिवंत प्राण्यांचा थर होता. दिवसभर अंधारात दडायचं, कारण उजेडात खाणारे टपलेले. सूर्य मावळला की वर चरायला यायचं, उजाडायच्या आत परत. जगातल्या सगळ्या समुद्रांत रोज हे चालतं. वजनाच्या हिशेबाने पृथ्वीवरचं प्राण्यांचं सर्वांत मोठं स्थलांतर हेच. पंढरीची वारी वर्षातून दोनदा, ही रोज.

अरबी समुद्रात या वारीला एक वेगळाच पेच आहे. मघाशी म्हटलेला तो गुदमरलेला थर. अंगावर दिव्यांच्या ओळी असलेले कंदील-मासे इथे प्रचंड संख्येने आहेत आणि त्यातले बरेच दिवसा त्याच प्राणवायू नसल्यात जमा असलेल्या पाण्यात जाऊन थांबतात. मोठे शिकारी मासे तिथे फार वेळ टिकत नाहीत. श्वास कोंडेल पण जीव वाचेल, असा हा सौदा आहे.

मग कॅमेरा. पाण्याखालचा फोटो ही कल्पना जुनी आहे. फ्रान्सच्या बान्यूल्स इथे लुई बूताँ यांनी १८९३ मध्येच पाण्याखाली फोटो काढले आणि १८९९ मध्ये विजेचे दिवे पाण्यात उतरवून रात्रीचेही काढले. पण ते तळाजवळचं, किनाऱ्याजवळचं काम. उघड्या समुद्रात, जिथे खाली तळच नाही, तिथे माणसाने उतरून प्लवकांकडे बघायचं, ही गोष्ट १९७० च्या दशकातली. विल्यम हॅम्नर हे कॅलिफोर्नियातले प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन बहामाजवळच्या निळ्या पाण्यात उतरले. एक तरंगता बोया, त्यातून खाली सोडलेली दोरी, त्या दोरीला प्रत्येक पाणबुड्या वेगळ्या दोरीने बांधलेला, आणि एकाने फक्त सगळ्यांवर नजर ठेवायची. तळ दिसत नसला की माणसाला आपण खाली जातोय की वर, हेच कळत नाही. म्हणून दोरी. १९७५ मध्ये त्यांनी ही पद्धत आणि जेलीसारख्या प्लवकांच्या जिवंत निरीक्षणांवर निबंध लिहिला. त्यांच्याच विद्यार्थिनी ॲलिस ऑलड्रेज यांनी १९७२ मध्ये दाखवलं की लार्व्हेशियन आपलं शेंबडाचं घर गाळणीसारखं वापरतात, तुंबलं की टाकून देतात आणि दुसरं विणतात. टाकलेली घरं हळूहळू खाली बुडतात, इतर जीव ती खातात. समुद्राच्या अन्नसाखळीतला एवढा मोठा दुवा जाळ्यात कधीच सापडला नव्हता, कारण जाळ्यात ते घर उरतच नाही. बघायला माणूस तिथे जावं लागलं.

हे दिवसाचं झालं. रात्रीच्या या डुबकीला आज ‘ब्लॅकवॉटर’ म्हणतात. तिची ओळख झाली ती मुख्यतः हवाई बेटांतल्या कोना किनाऱ्यावरून. ज्वालामुखीची बेटं, उतार तीव्र. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर शेकडो मीटर खोल पाणी. पुढे फिलिपिन्स, फ्लोरिडा, जपान. पद्धत साधी ऐकू येते : होडी प्रवाहासोबत सोडून द्यायची, दिवे लावलेली वजनदार दोरी पाण्यात लोंबती ठेवायची, आणि त्या उजेडाच्या आसपास दहा-वीस मीटर खोलीवर पाणबुड्यांनी वाहत राहायचं. खाली हजार मीटर काळोख. हातात जवळचं टिपणारी लेन्स, दोन्ही बाजूंना फ्लॅश. समोर एक-दोन सेंटीमीटरचा, काचेसारखा आरपार जीव, तोही हलतोय, आपणही हलतोय. कॅमेऱ्याला धरायला कडाच सापडत नाही. शंभर फोटो काढावेत तेव्हा एक हाती लागतो, असं हे काम करणारे सगळेच सांगतात.

जपानचे रयो मिनेमिझू यांनी या कामात आयुष्य घातलं. २०१८ मध्ये टोकियोत त्यांच्या फोटोंचं मोठं प्रदर्शन झालं. पण आमच्या मते खरं वळण आलं २०२१ मध्ये. आय नोनाका, जेफ्री मिलिसन, ब्रूस मंडी आणि डेव्हिड जॉन्सन यांनी मत्स्यशास्त्राच्या नियतकालिकात निबंध लिहिला. हवाईच्या पाणबुड्यांनी आधी पिल्लाचा जिवंत फोटो काढायचा, मग तेच पिल्लू हलकेच बरणीत घ्यायचं आणि डीएनए तपासायचं. म्हणजे फोटोतला झालरवाला राजपुत्र आणि संग्रहालयाच्या बाटलीतला पांढरा तुकडा एकच, हे सिद्ध झालं. हौशी माणसाचा फोटो आणि शास्त्रज्ञाची बाटली पहिल्यांदाच नीट एकमेकांना भेटले. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी झोइया आणि खेकडा ज्या कारणाने वेगळे पडले, त्यावरचा हा उतारा. शिवाय फोटोंत वागणूक दिसली : शेवंडीचं पानासारखं पिल्लू जेलीफिशवर स्वार होऊन फिरतं, छोटे मासे जेलीच्या छत्रीखाली दडतात. बाटलीत दोघे शेजारी पडलेले असतील, तरी कोण कुणावर बसलं होतं हे बाटली कसं सांगणार?

आता अवघड भाग. हे सगळं आपल्या समुद्रात का झालं नाही, किंवा इतकं कमी का झालं?

पहिलं कारण भूगोल. मुंबईसमोर समुद्र उथळ आहे. खंडाची उतरंड जवळपास तीनशे किलोमीटर पसरली आहे. दक्षिणेला ती अरुंद होते, तरी मालवण-वेंगुर्ल्याहून खोल पाण्यापर्यंत जायचं तर रात्रभराचा प्रवास. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटरवर ‘आंग्रिया बँक’ नावाचं पाण्याखालचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्यावर प्रवाळ आहेत आणि पठाराच्या कडेला समुद्र खोल उतरतो. आपल्या भाषेच्या किनाऱ्याला सर्वांत जवळची योग्य जागा बहुधा हीच. दुसरं कारण पावसाळा. जूनपासून चार महिने हा समुद्र होडीला उभं करत नाही. तिसरं म्हणजे गढूळ पाणी. लक्षद्वीपला मात्र बेटाच्या कडेलाच खोल पाणी मिळतं, अंदमानातही.

चौथं कारण पैसा आणि सवय. महाराष्ट्रात स्कूबा शिकायची सोय आता आहे, तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं प्रशिक्षण केंद्र आहे. पण पाण्याखालचा कॅमेरा, त्याचं जलरोधक कवच, फ्लॅश यांचा हिशेब मोटारसायकलीच्या पुढे जातो. समुद्रात रात्री सर्वांत जास्त वेळ कोण असतं? मच्छीमार. त्यांच्या हातात हा कॅमेरा कुणी दिला नाही. आमचं स्पष्ट मत आहे की हा या विषयातला सर्वांत मोठा तोटा आहे, आणि तो भूगोलाच्या माथी मारता येत नाही.

तरी एक उदाहरण फार आश्वासक आहे. २०१७ मध्ये मुंबईत प्रदीप पाताडे आणि त्यांच्या साथीदारांनी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम सुरू केला. ओहोटीला, अनेकदा अंधारात टॉर्च घेऊन, जुहू, हाजी अलीसारख्या किनाऱ्यांवर खडकांतले जीव बघायचे, फोटो काढायचे, तारीख-ठिकाणासह सार्वजनिक संकेतस्थळावर टाकायचे. डुबकी नाही, खोल समुद्र नाही, महागडी सामग्री नाही. ज्या शहराने आपला समुद्र मेला असं मानलं होतं, तिथे समुद्री गोगलगायी, ऑक्टोपस, प्रवाळ दिसले. पुढे किनारी रस्त्याच्या वादात याच नोंदी पुराव्यासारख्या पुढे आल्या. फोटोचं मोल कळतं ते असं, जागा बदलायला लागल्यावर.

अरबी समुद्र बदलतो आहेच. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून पुढे अमेरिकेत गेलेल्या हेल्गा डो रोझारिओ गोम्स आणि जोआकिम गोएस यांनी २०१४ मध्ये सहकाऱ्यांसह एक निबंध प्रसिद्ध केला. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रात पूर्वी डायटम नावाच्या एकपेशीय वनस्पतींचा बहर यायचा. त्यांची जागा ‘नॉक्टिल्युका’ घेतोय. हा अर्धा-एक मिलीमीटरचा एकपेशीय गोळा. त्याच्या पोटात हिरवे शैवाल राहतात, त्यामुळे तो सूर्यावरही जगतो आणि दुसऱ्याला खाऊनही जगतो. रात्री पाणी ढवळलं की निळा चमकतो; कोकण किनाऱ्यावर लाटा निळ्या झाल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागे बहुतेक वेळा नॉक्टिल्युकाचाच भाऊ असतो. या बदलाचा संबंध त्यांनी प्राणवायू कमी होण्याशी जोडला. इतर काही शास्त्रज्ञांना ते कारण पटत नाही, वाद चालू आहे. पण नॉक्टिल्युका खाणारे कोण? मुख्यतः साल्प आणि जेलीफिश. म्हणजे नेमके ते मऊ जीव, जे जाळ्यात लगदा होतात आणि ज्यांची आपल्याकडे जुनी नोंद सर्वांत कच्ची आहे. १९६० च्या बाटल्यांशी आजचा समुद्र ताडून पाहायचा तर कोपेपॉडचं ठीक आहे, मऊ जीवांचं काय ताडणार?

हे लांबचं वाटत असेल तर वाऱ्याचा विचार करा. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून जो जोरदार वारा सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याजवळून वाहतो, तोच तिथलं पृष्ठभागाचं पाणी बाजूला सारतो. खालचं थंड, खतासारखं पाणी वर येतं आणि प्लवकांची शेती पिकते. तोच वारा बाष्प घेऊन पुढे आपल्याकडे येतो, सह्याद्रीवर बराचसा रिता होतो आणि उरलंसुरलं मराठवाड्याला मिळतं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा आपण आकाशाकडे बघत होतो. त्याच वाऱ्याचं दुसरं पीक समुद्रात वाढत असतं, हे शाळेत कुणी सांगितलं नाही.

शेवटी चिठ्ठीवर आलेल्या एका प्रश्नाचं उत्तर. इथल्या विद्यार्थ्याने सुरुवात कुठून करायची? समुद्रापासून नको. आपल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत तलावांतल्या प्लवकांवर बरंच काम झालंय, पण बहुतेक पुन्हा तेच : जाळं, फॉर्मॅलिन, तक्ता. जिवंत फोटो क्वचितच. विष्णुपुरीचं पाणी असो की मांजरा धरणाचं, प्लवकांची रोजची ये-जा तिथेही चालते. पाण्यात उतरायचं नाही, रात्री एकट्याने काठावर जायचं नाही. मोठं कुणी सोबत पाहिजे. काठावरून दोरीला बांधलेली पारदर्शक बाटली सोडायची, वरून टॉर्च धरायचा, दहा मिनिटं थांबायचं. बाटली वर काढून पाणी उथळ बशीत घ्यायचं, खाली काळा कागद, बाजूने उजेड, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिमट्याचं भिंग. झटके देत पोहणारा पांढरा ठिपका दिसला की तो सायक्लॉप्स, आणि शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबत असतील तर ती मादी. फोटोसोबत तारीख, वेळ, जागा, पाण्याची खोली आणि चंद्र होता की नव्हता हे लिहून ठेवायचं. दुपारी त्याच जागी पुन्हा बाटली सोडायची. पाणी परत तलावात ओतायचं, प्यायचं नाही.